व्हीपीएफ लवकर चालू करा: पगारातून जास्तीचा पीएफ कसा कापून घ्यायचा

नोकरीला लागल्यावर पीएफ आपोआप कापला जातो म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून जे होतं त्याचे १२ टक्के, किंवा बऱ्याच कंपन्यांत १५,००० वर हिशोब करून सरळ १,८०० रुपये. पण स्वतःहून जास्त भरायचं असेल तर त्याच खात्यात भरता येतं, यालाच व्हीपीएफ (व्हॉलंटरी प्रॉव्हिडंट फंड) म्हणतात, आणि अगदी बेसिक-डीएच्या १०० टक्क्यांपर्यंत जाता येतं. नवीन खातं नाही, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच, व्याजही तेच, २०२३-२४ आणि २०२४-२५ दोन्ही वर्षी ८.२५ टक्के होतं. कंपनीने आपला वाटा वाढवायचं मात्र बंधन नाही.

आता लवकर का म्हणतोय ते बघा. महिना २,००० रुपये, व्याज ८ टक्के धरू (दर दरवर्षी ठरतो, २०२१-२२ ला ८.१ वर आला होता). पंचविसाव्या वर्षी चालू केलं तर ५८ पर्यंत साधारण ३५ लाख होतात आणि पस्तिसाव्या वर्षी चालू केलं तर साडेचौदा लाखांच्या आसपास. त्या दहा वर्षांत खिशातून गेलेले जास्तीचे पैसे फक्त २ लाख ४० हजार, बाकी सगळा फरक व्याजाचा आणि व्याजावरच्या व्याजाचा. म्हणून रक्कम छोटी असली तरी चालेल पण सुरुवात पुढे ढकलू नका, हे मी मनापासून सांगतोय. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर आधी ती फेडा आणि चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, कारण इथले पैसे हवे तेव्हा उचलायचे नसतात.

करायचं काय, तर एचआर किंवा पेरोलवाल्यांना मेल टाकायचा: 'मला एप्रिलच्या पगारापासून बेसिकच्या ५ टक्के व्हीपीएफ कापून हवा आहे, फॉर्म पाठवा.' बस एवढंच. काही कंपन्यांत पोर्टलवरच ऑप्शन असतो, काही ठिकाणी फक्त वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात आणि मधे बदलू देत नाहीत, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारून ठेवा. ठरावीक रकमेपेक्षा टक्के सांगितलेले बरे, इन्क्रिमेंट झालं की व्हीपीएफ पण आपोआप वाढतो.

टॅक्सचं एक नीट समजून घ्या, इथे भरपूर लोक गोंधळतात. तुमचा स्वतःचा पीएफ अधिक व्हीपीएफ मिळून वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला तर वरच्या भागावरचं व्याज टॅक्सेबल होतं (२०२१ च्या एप्रिलपासून), कंपनीचा वाटा यात धरत नाहीत. समजा बेसिक ५०,००० आहे आणि पूर्ण १२ टक्के कापतात, म्हणजे महिना ६,००० आणि वर्षाचे ७२,००० झाले, उरले १ लाख ७८ हजार, म्हणजे महिना १४,८०० पर्यंत व्हीपीएफ बिनधास्त. ८०सीची सूट (भरलेल्या पैशांवरची टॅक्समधली वजावट) जुन्या टॅक्स रिजीममध्येच, तीही बाकी सगळं धरून दीड लाखापर्यंत. आणि सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आधी पैसे काढले तर साधारणपणे टॅक्स लागतो. नोकरी बदलली तर काढू नका, ट्रान्सफर करा, जुनी वर्षंही मोजली जातात. नव्या कंपनीत व्हीपीएफ परत सांगावा लागतो, तो आपोआप चालू होत नाही!

पहिली कपात झाली की सॅलरी स्लिप बघा, मग काही दिवसांनी उमंग ॲपवर पासबुक उघडा. व्हीपीएफची वेगळी ओळ शोधू नका, तो एम्प्लॉयी शेअरमध्येच मिसळून येतो, स्लिपवरचा पीएफ आणि व्हीपीएफ यांची बेरीज तिथल्या आकड्याशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर स्लिप आणि पासबुक दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडून त्याच दिवशी पेरोलला मेल करा.