पार्किन्सन्सच्या रुग्णाची तीन दिवसांची वही: न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी ती कशी भरावी

गोळी घेतल्यावर तासाभराने तपासलं तर पार्किन्सन्सचा रुग्ण बऱ्यापैकी चालतो. चार तासांनी तपासलं तर तोच माणूस खुर्चीतून उठायला दुसऱ्याचा हात मागतो. दोन्ही खरंच असतं, पण डॉक्टरांना त्यातलं एकच दिसतं, आणि डोस ठरतो तो तेवढ्यावरच. या आजारावर संशोधन करणाऱ्यांना ही अडचण जुनी आहे. म्हणून नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्णांना घरी भरायला वही देतात. रॉबर्ट हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली अर्ध्या-अर्ध्या तासाची वही त्यातली सर्वांत परिचित. तीच रीत इंदूरमध्ये रामबागेतल्या किंवा राजेंद्र नगरातल्या घरात वापरता येते. आखीव वही, भिंतीवरचं घड्याळ आणि बीपीचं मशीन एवढं पुरतं.

भेटीच्या आधीच्या आठवड्यातले लागोपाठ तीन दिवस निवडा. लग्नकार्य, प्रवास आणि उपासाचे दिवस टाळा. त्यात रविवार आला तर बरंच, का ते पुढे येईलच.

एका दिवसाला एक पान, अर्ध्या तासाला एक ओळ, म्हणजे ४८ ओळी. रकाने चार: वेळ, अवस्था, औषध, खाणं. अवस्थेच्या रकान्यात पाचपैकी एकच खूण करायची: (१) झोप; (२) ऑफ, म्हणजे अंग जड, आखडलेलं, हालचाल मंद; (३) ऑन, म्हणजे गोळी लागू पडलेली आणि अंगात जादा हालचाल नाही; (४) ऑन, पण त्रास न देणाऱ्या जादा हालचाली; (५) ऑन, पण त्रास देणाऱ्या जादा हालचाली. अर्ध्या तासात दोन अवस्था आल्या तर जी जास्त वेळ टिकली ती लिहा. वही त्या-त्या वेळी भरा. रात्री आठवून भरलेली वही नेहमी शेवटच्या दोन तासांच्या मूडप्रमाणे बोलते. ऑन की ऑफ हे रुग्णाने सांगायचं, मुलाने किंवा सुनेने नाही. रुग्णाला विसरायला होत असेल तरच घरच्यांनी ठरवावं आणि तसं पानावर नमूद करावं.

सगळ्यांत मोठी गल्लत होते ती थरथर आणि जादा हालचाल, म्हणजे डिस्किनेशिया, यांत. आजाराची थरथर एका लयीत असते, सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा, हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना जास्त. डिस्किनेशिया वेगळा: मान, खांदे, धड वळवळल्यासारखं, लय नसलेलं, नाचल्यासारखं हलतं आणि बहुधा गोळीचा असर शिगेला असताना येतं. पहिली औषध कमी पडल्याची खूण असते, दुसरी बहुधा एका वेळची मात्रा जास्त झाल्याची. घरात दोन्हींना ‘हलणं’ म्हटलं जातं, आणि मग डिस्किनेशियासाठी गोळी वाढवून मागितली जाते. उपाय नेमका उलटा होतो. फरक कळत नसेल तर खुणेशेजारी फक्त ‘गोळीनंतर किती मिनिटांनी’ एवढं लिहा. बाकीचं डॉक्टर ओळखतात.

औषधाच्या रकान्यात गोळी खरोखर गिळली ती वेळ लिहा, ठरलेली वेळ नाही. शेजारी ताकद लिहा. लेव्होडोपा हे या आजारावरचं मुख्य औषध, मेंदूत त्याचं डोपामीन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, बनतं. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्यांवर ११०, १२५, २७५ असे आकडे असतात. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० मिग्रॅ आणि कार्बिडोपा १०. १२५ मध्ये १०० आणि २५. २७५ मध्ये २५० आणि २५. ११० आणि १२५ मध्ये लेव्होडोपा सारखंच आहे, म्हणून ‘एकच तर आहे’ असं समजून अदलाबदल होते. पण लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामीन होऊ नये म्हणून कार्बिडोपा असतं आणि त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिग्रॅ लागतं. ११०च्या तीन गोळ्यांतून ३०च मिळतं. मळमळ वाढते, असर घटतो. दवा बाजारातून महिन्याभराचं औषध आणताना पट्टीवरचे दोन्ही आकडे चिठ्ठीशी ताडून घ्या. ‘सीआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चुरडून किंवा चावून देऊ नका.

आता खाणं. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने प्रथिनांमधली काही अमिनो आम्लं जातात. गर्दी झाली की औषध मागे पडतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने, ग्लासभर पाण्याबरोबर. सकाळच्या पोह्यांची फारशी अडचण नाही, त्यांत प्रथिनं कमी. अडचण सोबतच्या दुधाची आणि उसळीची. सराफ्यातल्या खाऊगल्लीतला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस दुधात शिजलेला असतो, तोही मोजा. आणि रविवारचे दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे: डाळीची प्रथिनं, वर तुपामुळे पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे दुपारची गोळी कधी तासभर उशिरा लागते, कधी लागतच नाही. वहीत रविवार आणि सोमवार शेजारी ठेवले की हे उघड दिसतं. त्यासाठी डाळ, दही बंद करू नका. या आजारात वजन तसंही उतरतं. वेळ बदलून पाहा, आणि दिवसाची प्रथिनं संध्याकाळकडे ढकलायची का ते डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दोन बिस्किटं किंवा अर्धं केळं चालतं. लोहाची गोळी आणि ही गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

बीपी रोज दोनदा: सकाळी उठल्यावर आणि दुपारच्या जेवणानंतर. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्यावर गोल करा. जवळ एकाने उभं राहायचं, आणि चक्कर आली तर लगेच आडवं करून मोजणं थांबवायचं.

व्हिडिओ दोन पुरेत: एक गोळीच्या अगदी आधी, दुसरा गोळीनंतर तासाने. फोन आडवा धरा, पाऊल ते डोकं पूर्ण दिसू द्या. आधी हात मांडीवर ठेवून १०० मधून सात-सात वजा करायला सांगा. मन गुंतलं की दबलेली थरथर वर येते. मग अंगठा आणि तर्जनी दहा वेळा, होईल तितकी मोठी आणि भरभर, एकेका हाताने. मग हाताची घडी घालून खुर्चीतून उठणं, सोसायटीच्या पॅसेजमध्ये दहा मीटर चालणं, वळून परत येणं. पाय दारात किंवा वळताना चिकटत असतील तर तेच चित्रण हवं. मागून खांदे ओढून तोल पाहण्याची तपासणी घरी करू नका.

शेवटच्या पानावर घरातली सगळी औषधं लिहा, ‘साधी’ समजलेलीसुद्धा. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असेल, चक्करेसाठी सिनारिझीन, डोकेदुखीसाठी फ्लुनारिझीन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझीन असेल, तर ती पार्किन्सन्ससारखी लक्षणं निर्माण करू शकतात किंवा असलेली वाढवतात. काही रुग्णांचा आजार मुळात या औषधांचाच असतो आणि ती बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. खाजकुयलीच्या बियांचं, म्हणजे कौंचाचं चूर्ण चालू असेल तर तेही लिहा. त्यात लेव्होडोपाच असतं, म्हणजे डोस न मोजता वाढलेला आहे. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही पार्किन्सन्सचीच औषधं चालू असताना जुगार, सट्टा किंवा बेसुमार खरेदी सुरू झाली असेल, तर लाज न बाळगता सांगा. तो औषधाचा परिणाम असू शकतो, स्वभावाचा दोष नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेव्होडोपा मात्र एकदम थांबवू नका. ताप, प्रचंड ताठरपणा आणि बेशुद्धीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

याच पानावर रात्रीची आणि इतर लक्षणंही लिहा: स्वप्नात ओरडणं, लाथा मारणं, वास न येणं, बद्धकोष्ठता, आणि ही कधीपासून. पहिल्या वर्षातच वारंवार पडणं, विशेषतः मागे. जिन्यावर खाली नजर न जाणं. सुरुवातीलाच बीपी कोसळणं आणि लघवीवर ताबा न राहणं. नसलेली माणसं दिसणं. पुरेसा डोस काही महिने घेऊनही फरक न पडणं. यातलं काही असेल तर पानाच्या डोक्यावर ठळक लिहा. अशा वेळी पार्किन्सन्ससारखे दिसणारे दुसरे आजार, म्हणजे पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी) किंवा ल्युई बॉडी डिमेन्शिया यांचा विचार करावा लागतो, आणि उपचाराची दिशाच बदलते.

डॉक्टरांकडे तिन्ही पानांची झेरॉक्स द्या, मूळ वही घरी ठेवा. वर तीनच ओळी: दिवसात ऑफचे सरासरी तास, त्रासदायक डिस्किनेशियाचे तास, आणि गोळी लागायला व उतरायला लागणारी मिनिटं. डोस बदलला की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस भरा, व्हिडिओ त्याच खुर्चीवर, त्याच पॅसेजमध्ये, गोळीपासून तेवढ्याच अंतराने घ्या.