‘वायच’ कमी: ॲन्ड्रॉइड फोन आणि टॅब्लेटवर आवाजाच्या पायऱ्या बारीक कशा कराव्यात

आषाढातल्या रात्री आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरात सगळ्यांची अंथरुणे माजघरातच पडतात, कारण पडवीत पावसाची झड येते आणि माळ्यावर कौलांच्या फटीतून एखादा थेंब ठिबकत राहतो. अशा वेळी मी उशाशी फोन ठेवून कीर्तन ऐकतो. आवाज दुसऱ्या पायरीवर असला तर बुवांचे शब्द पावसात बुडून जातात. बटण एकदाच दाबून तो तिसऱ्या पायरीवर नेला, तर पलीकडे निजलेली आजी कूस बदलून म्हणते, ‘‘झिला, आवाज वायच कमी कर रे.’’ आजीला हवे असते ते ‘वायच’, म्हणजे अगदी थोडेसे, आणि फोनच्या दोन पायऱ्यांमध्ये नेमकी तेवढी जागा नसते. ही जागा निर्माण करण्याचे जे मार्ग मी स्वतः वापरले आणि इतरांना लावून दिले, ते येथे कारणांसह लिहितो.

आधी कारण पाहू, कारण ते कळले की पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात. ॲन्ड्रॉइडच्या मूळ रचनेत गाणी, व्हिडिओ आणि खेळ यांच्या आवाजाला, म्हणजे ‘मीडिया व्हॉल्यूम’ला, शून्य सोडून १५ पायऱ्या असतात. काही कंपन्यांनी आपल्या फोनांत हा आकडा २५ किंवा ३० वर नेला आहे, पण १५ पायऱ्यांचे फोन अजूनही पुष्कळ आहेत. शिवाय या १५ पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात. ॲन्ड्रॉइडच्या खुल्या आज्ञावलीत मीडियाच्या आवाजासाठी जी ठरावीक वक्ररेषा दिलेली आहे तिचा हिशेब मांडला, तर पहिल्या तीन पायऱ्यांमध्ये प्रत्येकी सुमारे ६ डेसिबलचे (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) अंतर पडते, मधल्या पायऱ्यांमध्ये सुमारे ४ डेसिबलचे आणि शेवटच्या काही पायऱ्यांमध्ये ३ डेसिबलहूनही कमी. फोन बनवणारी कंपनी ही रेषा बदलू शकते, पण खालच्या पायऱ्या उंच आणि वरच्या बुटक्या हा प्रकार बहुतेक फोनांत जाणवतो. गावातल्या जुन्या पाखाडीसारखेच, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेसारखेच, हे आहे: खाली व्हाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या, पायऱ्यांना गुडघा उचलून पाय टाकावा लागतो आणि वर देवळाजवळ पोचताना पायऱ्या अलगद संपतात. रात्री हळू आवाजात ऐकणारा माणूस नेहमी या खालच्या, उंच पायऱ्यांवरच असतो.

म्हणून सगळ्या उपायांचे सूत्र एकच आहे. पायऱ्यांची संख्या वाढवता आली तर उत्तमच. नाही आली, तर आवाज दुसऱ्या कोणत्या तरी ठिकाणी आधीच कमी करून ठेवावा, म्हणजे आपल्याला हवा असलेला हळू आवाज फोनच्या तिसऱ्या पायरीऐवजी आठव्या-नवव्या पायरीवर मिळू लागतो आणि तेथे पायऱ्या बुटक्या असतात.

सुरुवातीला आपल्या फोनमध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजावे. एखादे गाणे लावून आवाज पूर्ण शून्यावर आणावा आणि वाढवण्याचे बटण एकेक वेळ दाबत पट्टी भरेपर्यंत मोजत जावे. गाणे लावूनच हे करावे, कारण रिंगटोन, अलार्म, फोनवरचे बोलणे आणि मीडिया यांचे आवाज वेगवेगळे असतात आणि त्यांच्या पायऱ्याही वेगळ्या असतात. मोजताना इयरफोन काढून ठेवावा, नाहीतर शेवटच्या पायऱ्या कानाला त्रास देतील. आणखी एक गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी: फोनचा स्वतःचा स्पीकर, वायरचा इयरफोन आणि ब्लूटूथ यांसाठी ॲन्ड्रॉइड वेगवेगळा आवाज लक्षात ठेवतो. त्यामुळे एका ठिकाणी जुळवलेला आवाज दुसऱ्या ठिकाणी आपोआप जुळत नाही आणि प्रत्येकाचा बंदोबस्त स्वतंत्रपणे करावा लागतो.

सॅमसंगचा फोन किंवा टॅब्लेट असेल, तर काम सर्वांत सोपे आहे. ‘साउंड असिस्टंट’ नावाचे सॅमसंगचेच मोफत ॲप गॅलेक्सी स्टोअरवरून घ्यावे. सॅमसंगच्या यंत्रांत आवाजाचे १५० बारीक टप्पे आतमध्ये असतातच. बटण एकदा दाबले की फोन त्यातले १० टप्पे एकदम चढतो, म्हणून आपल्याला १५ पायऱ्या दिसतात. या ॲपमध्ये एका दाबाला किती टप्पे चढायचे हे १ ते १० यांमध्ये ठरवता येते. तो आकडा १ केला तर फार बारीक काम होते, पण आवाज शून्यावरून वर नेईपर्यंत अंगठा दुखून येतो. माझ्या अनुभवात ३ किंवा ४ हा आकडा रोजच्या वापराला बरा पडतो. ज्यांच्याकडे हे ॲप चालते, त्यांना पुढच्या उपायांची बहुधा गरजच पडणार नाही.

इतर कंपन्यांचे फोन वापरणाऱ्यांनी ब्लूटूथकडे आधी पाहावे, कारण हल्ली बहुतेकांच्या गळ्यात नेकबँड किंवा कानात बिनवायरचे बड्स असतात आणि या बाबतीत एक चांगली सोय फोनमध्ये आधीपासून दडलेली आहे. ॲन्ड्रॉइड ६ पासून फोनचा आणि ब्लूटूथ इयरफोनचा आवाज एकत्र बांधला जातो. याला ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ म्हणतात. या पद्धतीत फोन स्वतः आवाज कमी-जास्त करत नाही, तर इयरफोनला ० ते १२७ यांमधला एक आकडा कळवतो आणि प्रत्यक्ष आवाज इयरफोन बदलतो. फोनमध्ये १५ पायऱ्या असल्या तर प्रत्येक दाबाला तो आकडा आठ-नऊने उडी घेतो, आणि त्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा हे इयरफोन ठरवतो. पुष्कळ स्वस्त इयरफोन पहिल्याच पायरीला बराच मोठा आवाज देतात, तो यामुळे.

ही बांधणी सोडवली की दोन स्वतंत्र नियंत्रणे हाती येतात, एक फोनवर आणि दुसरे इयरफोनवर. त्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट दाबावे; सॅमसंगमध्ये ही ओळ ‘सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशन’च्या आत असते. फोन पिन मागेल तो दिल्यावर ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा नवा विभाग सेटिंग्जमध्ये दिसू लागतो. त्यात ब्लूटूथच्या पर्यायांमध्ये ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ असा खटका आहे, तो चालू करावा. या विभागातल्या दुसऱ्या कशालाही, अर्थ कळत नसेल तर, हात लावू नये. मग ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करावे किंवा फोनच एकदा बंद करून चालू करावा. सॅमसंगच्या काही फोनांत ब्लूटूथच्या पानावरच ‘मीडिया व्हॉल्यूम सिंक’ हा पर्याय मिळतो. तो बंद करणे म्हणजे हेच काम.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. इयरफोन कानात न घालता हातात धरावा, फोनचा आवाज मधोमध ठेवावा आणि नेकबँडवरच्या बटणाने इयरफोनचा स्वतःचा आवाज अगदी खाली आणावा. मग तो कानाला लावून नेकबँडचा आवाज एकेक पायरी वाढवत, जेथे शब्द जेमतेम स्पष्ट कळतात तेथे थांबावे. येथून पुढे नेकबँडच्या बटणाला हात न लावता सगळे कमी-जास्त फोनवरून करावे. मी गेल्या पावसाळ्यात असे केले, तेव्हा जो आवाज मला आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी हवा होता तो नवव्या पायरीवर मिळाला, आणि आठवी व दहावी या दोन्ही पायऱ्याही उपयोगाच्या राहिल्या. कानात नेकबँड असल्यामुळे आजीची झोपही आता मोडत नाही.

या उपायाची एक मर्यादा आहे. ज्या बड्सवर आवाज कमी करण्याची स्वतःची सोय नाही, ते ही बांधणी सोडवल्यावर आपल्या ठरावीक आवाजावर अडकून बसतात आणि तो आवाज बहुधा मोठाच असतो. तसे झाले तर खटका पुन्हा होता तसा करावा आणि पुढचा, इक्वलायझरचा मार्ग धरावा.

इक्वलायझर हा सूर सुधारण्यासाठी असतो अशी समजूत आहे, पण त्यातले खर्ज-तार वेगवेगळे कमी-जास्त करणारे सगळे पट्टे एकसारखे खाली ओढले की तो आवाज कमी करण्याचे दुसरे नियंत्रणच होतो. ॲन्ड्रॉइडच्या साध्या इक्वलायझरमध्ये खर्जापासून तारापर्यंत पाच पट्टे असतात आणि प्रत्येक पट्टा साधारणपणे १५ डेसिबल वर किंवा खाली नेता येतो. पाचही पट्टे १२ डेसिबल खाली आणले, तर वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे जो आवाज तिसऱ्या पायरीवर होता तो सहाव्या पायरीवर जातो, म्हणजे ६ डेसिबलच्या उड्यांमधून आपण ४ डेसिबलच्या उड्यांमध्ये येतो. पट्टे एकसारखेच खाली आणावेत. एखादा कमी-जास्त राहिला तर आवाज किनरा किंवा घुमका वाटू लागतो. बऱ्याच फोनांत सेटिंग्जमधला इक्वलायझर इयरफोन जोडल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे फोनच्या स्वतःच्या स्पीकरसाठी तो निरुपयोगी ठरतो. तेथे व्हीएलसीसारखे, स्वतःचा इक्वलायझर असलेले ॲप वापरावे. व्हीएलसीमध्ये ‘प्रीॲम्प’ नावाची वेगळी पट्टी आहे. पट्टे न हलवता तेवढी एक पट्टी खाली ओढली की काम होते. कीर्तने आणि भजने मी फोनमध्ये उतरवून याच पद्धतीने ऐकतो. नेकबँडची बॅटरी संपलेली असते त्या रात्री फोनच्या स्पीकरवरून ऐकण्यासाठी याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

सगळ्या ॲपना एकदम लागू होईल असे काही हवे असेल, तर ‘प्रिसाइज व्हॉल्यूम’सारखी ॲप्स आहेत. ती १५ पायऱ्यांच्या जागी १०० पायऱ्या देतात, पण फोनच्या मूळ पायऱ्या बदलत नाहीत. दोन पायऱ्यांमधली फट ती इक्वलायझरच्याच तंत्राने भरतात. त्यामुळे एखाद्या ॲपमध्ये त्यांचा परिणाम जाणवला नाही तर त्यात नवल नाही. बटणे आपल्या ताब्यात घेण्यासाठी अशी ॲप्स ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही परवानगी मोठी आहे, कारण ती मिळालेले ॲप पडद्यावरचे पुष्कळ काही पाहू शकते. म्हणून अशा प्रकारचे ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यावे आणि कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल कधीही बसवू नये. बॅटरी वाचवण्यासाठी फोन अशा ॲपला मागच्या मागे बंद करतो, तेव्हा बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला मोकळीक द्यावी लागते.

वायरचा इयरफोन वापरणाऱ्यांसाठी एक निखळ यांत्रिक उपायही आहे आणि तो मला मनापासून आवडतो. इयरफोनच्या वायरीत जोडायचा, मध्ये फिरकी असलेला छोटा तुकडा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. फिरकीला पायऱ्याच नसतात, त्यामुळे ‘वायच’ म्हणजे नेमके वायच करता येते. घेताना माइकची वायर पुढे जाते की नाही हे विचारून घ्यावे, नाहीतर फोन आल्यावर समोरच्याला आपले बोलणे ऐकू जाणार नाही.

टॅब्लेटचा प्रश्न आमच्याकडे गणपतीच्या आधी निघतो. भजनी मंडळाच्या तालमीत जुनी चाल टॅब्लेटवर लावून ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतात आणि तिच्याबरोबर पेटी धरतात. ध्वनिमुद्रण मोठे झाले तर पेटीवाल्याला स्वतःचे सूर ऐकू येत नाहीत, आणि लहान झाले तर पखवाजाची पहिली थाप पडताच ते झाकले जाते. त्या मधल्या चिंचोळ्या जागेसाठी स्पीकरचा आवाज त्याच्या स्वतःच्या बटणाने कमी ठेवावा आणि टॅब्लेटचा वरच्या पायऱ्यांवर न्यावा, म्हणजे एका पायरीने फारसा फरक न पडता हात फिरवता येतो. मात्र स्पीकरचे बटण दाबताच टॅब्लेटची पट्टीही हलत असेल, तर ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम अजून चालू आहे असे समजावे आणि वर सांगितलेला खटका टॅब्लेटवरही चालू करावा. स्पीकर वायरने जोडलेला असेल तरी हाच नियम लागू पडतो, आणि त्याचा आणखी एक फायदा होतो: टॅब्लेटचा आवाज हळू आणि स्पीकरचा मोठा ठेवला तर मागे जी ‘सुस्स’ अशी घरघर ऐकू येते, ती या उलट्या मांडणीत बरीच कमी होते.

पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की सगळा हिशेब उलटतो आणि हात आपोआप आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबलची मर्यादा आहे. सरीच्या वेळी आवाज वाढवण्यापेक्षा कानात घट्ट बसणारी रबरी टोपी इयरफोनला लावावी, म्हणजे बाहेरचा पाऊसच कमी ऐकू येतो आणि खालच्या पायरीवर भागते.

फोन रूट करून, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीत बदल करण्याचे पूर्ण अधिकार मिळवून, त्याच्या ‘बिल्ड डॉट प्रॉप’ या फाइलमध्ये मीडियाच्या पायऱ्यांचा आकडा १५ वरून ३० किंवा त्याहून जास्त करता येतो, आणि मुळातूनच पायऱ्या वाढवणारा हा उपाय आहे. पण रूट केल्याने वॉरंटी धोक्यात येते, बँकांची आणि पैसे पाठवण्याची अनेक ॲप्स चालेनाशी होतात, आणि एवढ्याशा आवाजासाठी तेवढी किंमत मोजावी असे मला वाटत नाही. जुना, पडून असलेला टॅब्लेट फक्त तालमीपुरता वापरायचा असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या मंडळाच्या टॅब्लेटवर एका जाणकार मुलाने ते करून दिले आहे, आणि त्यावर आता पेटीखाली चाल नेमकी बसवता येते.