समूहप्रदर्शनाची भिंत कशी मांडावी

समूहप्रदर्शन भरवू पाहणाऱ्या तरुण चित्रकारांना जे सल्ले सर्रास दिले जातात, ते बहुतेक निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचे पाहुणे आणि प्रसिद्धी यांभोवतीच फिरतात. ही कामे करावी लागतातच, पण त्यांपैकी एकही अवघड नाही. अवघड आहे ते पाच-सहा वेगवेगळ्या हातांची चित्रे एकाच दालनात अशी लावणे, की प्रत्येक चित्रापाशी माणूस थांबेल. मन लावून केलेली चित्रे केवळ वाईट मांडणीमुळे नजरेआड गेलेली पाहिली की जीव तुटतो. म्हणून या लेखात भिंतीला पुष्कळ जागा दिली आहे आणि बाकीच्या टप्प्यांना जेवढ्यास तेवढी.

गट आणि दालन

चार ते सहा जणांपेक्षा मोठा गट करू नये. ‘सर्वांची शैली जुळली पाहिजे’ हा सल्ला मनावर घेण्याचे कारण नाही. मुंबईत १९४७ साली एकत्र आलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे होते. त्यांच्यापैकी बाकरे तर शिल्पकार होते, आणि उरलेल्या पाच जणांच्या चित्रांतही एकाचे काम दुसऱ्याचे म्हणून खपण्यासारखे नव्हते. जुळायला हवी ती कामाची प्रत. एक कच्चे चित्र आपल्या शेजारच्या दोन चांगल्या चित्रांनाही खाली ओढते.

काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात, म्हणजे १९५२ पासून मुंबईचे चित्रकार ज्याच्याकडे डोळे लावून असतात त्या ठिकाणी, तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. तेथे अर्ज करून ठेवावाच, परंतु त्याच वेळी वरळीचे नेहरू सेंटर आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीचे दालन येथेही चौकशी करावी. तारीख पक्की झाली की भाडे, अनामत रक्कम, छपाई आणि टेम्पो यांचा अंदाज लिहून काढून प्रत्येकाची वर्गणी आगाऊ जमा करून घ्यावी.

यानंतर लगेच टेप घेऊन दालनात जावे आणि प्रत्येक भिंतीची लांबी स्वतः मोजावी. दालनाकडून मिळणाऱ्या नकाशात खांब आणि दारे असतात. विजेचे स्विचबोर्ड, आग विझवण्याचे नळकांडे, वातानुकूलन यंत्राची जाळी आणि आधीच्या प्रदर्शनांनी पोखरलेला भिंतीचा भाग मात्र त्यात नसतो. चित्र लटकवण्याची सोय वरच्या पट्टीवरून साखळीने आहे की खिळे ठोकू देतात, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

चौकटी आणि वाहतूक

प्रदर्शन जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर कागदावरच्या कामांची विशेष काळजी घ्यावी, कारण मुंबईच्या दमट हवेत कागद फुगतो, काचेला टेकतो आणि त्यावर बुरशी धरते. म्हणून माउंट, म्हणजे चौकटीत चित्राभोवती बसवलेला पुठ्ठा, आम्लरहित आणि एवढा जाड असावा की कागद व काच यांत फट राहील. ॲक्रिलिकच्या चित्रावर फुग्यांचे प्लॅस्टिक थेट गुंडाळू नये. भर उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत रंगाचा थर मऊ पडतो आणि त्यावर गोल गोल वळ उठतात, ते मग जात नाहीत. आधी बटर पेपर लावावा आणि त्यावर प्लॅस्टिक गुंडाळावे, फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. जाड थराचे तैलरंग वाळायला महिनोन्महिने लागतात, हे गटातील प्रत्येकाला वेळेवर सांगावे.

भिंतीची वाटणी

हा टप्पा मला सर्वांत उशिरा उमगला आणि आजही मी सर्वाधिक वेळ यालाच देतो. गट जमला की पहिली सूचना हमखास येते ती अशी: एकूण भिंत मोजा, माणसांच्या संख्येने भागा आणि प्रत्येकाला आपापला तुकडा द्या. ही वाटणी न्याय्य वाटते, पण ती मुळीच स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दालनातील पंधरा फूट भिंत आणि दुसऱ्या ठिकाणची पंधरा फूट भिंत यांची किंमत सारखी नसते. एक दारातून शिरताच समोर दिसते, दुसरी खांबाआड जाते. शिवाय ज्याला तुकडा मिळतो तो शेजारच्या तुकड्याचा विचार न करता आपली जागा गच्च भरतो, आणि दालनात एका प्रदर्शनाऐवजी पाच दुकाने मांडल्यासारखी दिसू लागतात.

याऐवजी मांडणीचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्यावा. ती व्यक्ती शक्यतो प्रदर्शनात सहभागी नसलेली असावी. तसे कोणी मिळत नसेल, तर आपली चित्रे सर्वांत शेवटी लावण्याची तयारी असलेला सदस्य निवडावा. हे सर्वांनी अगोदर लेखी मान्य करावे आणि त्यात तीन गोष्टी नमूद कराव्यात: प्रत्येकाचे किमान एक काम प्रवेशद्वारातून दिसेल, प्रत्येक जण लागणाऱ्या चित्रांपेक्षा दोन जास्त चित्रे आणील आणि त्यांतून निवड मांडणी करणारा करील, आणि मांडणी पूर्ण झाल्यावर त्याला विचारल्याशिवाय कोणीही चित्र हलवणार नाही. तिसरी अट अनावश्यक वाटेल, पण उद्घाटनाच्या सकाळी घरची मंडळी दालनात येतात आणि ‘तुझं चित्र कोपऱ्यात का?’ असे विचारतात, तेव्हा तिचा उपयोग कळतो. मैत्री जपायची असेल, तर हा कागद आधीच झालेला असावा.

मग सर्व चित्रांचे छायाचित्रांचे प्रिंट एकाच प्रमाणात काढावेत. एका फुटाला एक इंच हे प्रमाण सर्वांत सोयीचे आहे; चार फूट रुंदीचे चित्र चार इंचांचे होते आणि वीस फुटांची भिंत वीस इंचांच्या कागदी पट्टीवर मावते. माप चौकटीसकट धरावे, केवळ कॅनव्हासचे नव्हे. दालनातील प्रत्येक भिंतीसाठी अशी पट्टी कापून, तिच्यावर खांब आणि स्विचबोर्ड काढून, चित्रांचे तुकडे सरकवत बसावे. मोबाइलच्या पडद्यावर हे काम करण्याचा आग्रह अनेक जण धरतात. मी तो मान्य करत नाही, कारण पडद्यावर सर्व भिंती एकाच वेळी डोळ्यांसमोर राहत नाहीत आणि जमिनीवर पसरलेल्या पट्ट्यांभोवती सगळा गट बसू शकतो.

किती चित्रे लावावीत याचे उत्तर हिशेबातून मिळते. समजा भिंत वीस फुटांची, म्हणजे २४० इंचांची आहे आणि ४८, ३६, ३६ व २४ इंच रुंदीची चार चित्रे निवडली आहेत. त्यांची बेरीज १४४ होते, ९६ इंच उरतात आणि दोन्ही टोके धरून पाच मोकळ्या जागा पडतात. प्रत्येक जागा साधारण १९ इंचांची येते. त्याच भिंतीवर ३० इंचांचे आणखी एक चित्र बसवले, तर ६६ इंचांत सहा जागा पाडाव्या लागतात आणि दोन चित्रांमध्ये केवळ ११ इंच उरतात. वेगवेगळ्या हातांची चित्रे एवढ्या जवळ आली की एकमेकांवर आवाज चढवतात. मोकळी जागा दीड फुटाखाली गेली की एक चित्र उतरवावे, आणि ते कोणाचे हा प्रश्न मांडणी करणाऱ्यावर सोडावा.

शेजार ठरवताना रंगांपेक्षा आधी क्षितिजरेषा पाहाव्यात. दोन निसर्गचित्रे शेजारी असतील आणि एकाचे क्षितिज वर, तर दुसऱ्याचे खाली असेल, तर नजर त्या पायरीवर अडखळते. मधे अमूर्त काम ठेवले की ती अडचण मिटते. व्यक्तिचित्रातील चेहरा भिंतीच्या मध्याकडे पाहत असावा. टोकाला लावलेला चेहरा दाराकडे पाहत असेल, तर प्रेक्षकाची नजरही त्याच्याबरोबर बाहेर जाते. भडक लाल रंगाचा मोठा कॅनव्हास आणि हात-दीड हाताचे जलरंगातील काम एका भिंतीवर आणूच नये. जलरंगाला स्वतंत्र, शक्यतो अरुंद भिंत द्यावी, म्हणजे पाहणारा आपोआप जवळ जातो. ज्या कामांसमोर मागे सरायला जागा हवी, ती लांबच्या भिंतीवर लावावीत. काचेची चौकट प्रवेशद्वाराच्या किंवा खिडकीच्या समोर लावू नये, नाहीतर चित्राऐवजी रस्त्याची रहदारी दिसते. शिल्पे असतील तर त्यांच्याभोवती फिरता येईल एवढी जागा पट्ट्या मांडतानाच जमिनीच्या नकाशावर राखावी. उरलेल्या कोपऱ्यात ढकललेल्या शिल्पाची एकच बाजू लोकांना दिसते.

इतके करूनही दालनात पोहोचल्यावर चित्रे लगेच टांगू नयेत. ठरलेल्या जागी ती भिंतीला टेकवून ठेवावीत, चौकटीखाली वर्तमानपत्राच्या घड्या द्याव्यात आणि दारातून आत येत दोन-तीनदा फेरी मारावी. कागदावर पटलेल्या एक-दोन जोड्या येथे हमखास बदलाव्या लागतात.

उंची

‘चित्रे डोळ्यांच्या उंचीवर लावा’ एवढेच सांगणारा सल्ला निरुपयोगी आहे, कारण गटातील प्रत्येकाचे डोळे वेगळ्या उंचीवर असतात. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर आणावा आणि तो आकडा संपूर्ण दालनात बदलू नये. चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा मोह टाळावा. लहान चित्रे त्यामुळे वर लटकून राहतात. हुकाची जागा अशी काढावी: चित्राची उंची ३६ इंच असेल तर तिची निम्मी, म्हणजे १८ इंच, ५८ मध्ये मिळवावी. मग मागची तार बोटाने वर ताणून धरावी आणि ती चौकटीच्या वरच्या कडेपासून किती खाली राहते ते मोजावे. ते अंतर चार इंच भरले, तर हूक ७२ इंचांवर येतो. तार सैल असताना हे माप घेतले, तर चित्र ठरलेल्या उंचीवर बसत नाही, आणि असे प्रत्येक चित्र पुन्हा उतरवावे लागते. टांगून झाल्यावर पाणसळ लावावी; नजरेवर विसंबू नये, कारण जुन्या इमारतींची छते आणि जमिनी स्वतःच सरळ नसतात.

दिवे, पाट्या आणि पुढचे

दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत ठेवावा. झोत त्याहून आडवा पडला तर पाहणाऱ्याची सावली चित्रावर येते. पाटीवर चित्रकाराचे नाव, शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष एवढेच असावे, आणि सर्व पाट्या चित्राच्या एकाच बाजूला, एकाच उंचीवर लावाव्यात. किंमती वेगळ्या यादीत क्रमांकानुसार ठेवाव्यात.

जहांगीरमध्ये प्रदर्शन मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपते आणि दालन सकाळी ११ ते सायंकाळी ७ उघडे असते. सर्व दिवस दालनात कोण बसणार याचे वेळापत्रक आधी करावे. बसणाऱ्याला इतरांच्या चित्रांविषयीही चार वाक्ये सांगता आली पाहिजेत, कारण येणारा प्रेक्षक नेमके अनुपस्थित चित्रकाराच्या कामाविषयी विचारतो. उद्घाटन आटोपशीर ठेवावे.

शेवटच्या सायंकाळी चित्रे उतरवताना प्रत्येक चित्राच्या मागे चिकटवलेला क्रमांक यादीशी ताडून पाहावा, विकलेली चित्रे वेगळ्या भिंतीला लावून ठेवावीत आणि टेम्पोत शेवटच्या मुक्कामाची चित्रे आधी चढवावीत. भिंतींच्या पट्ट्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. त्याच दालनात पुढे कोणाचेही प्रदर्शन असले, तरी मोजमाप तेच लागते.