जुनी बारा बोर उडवण्याजोगी आहे का, हे कसं ओळखायचं

नाशिक जिल्ह्यात जुन्या वाड्यांतून, निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतून, पेठ-सुरगाण्याकडच्या घरांतून आजही बारा बोरच्या दुनळ्या निघतात. आजोबांची बंदूक वारसाने नातवाच्या परवान्यावर चढते, फडक्यातून बाहेर येते आणि पहिला प्रश्न पडतो तो चालेल का याचा. बहुतेक जण ती मोडतात (म्हणजे सांध्यावर उघडतात), नळीतून उजेडाकडे बघतात आणि आत चकचकीत दिसलं की निश्चिंत होतात. पण चकाकी हा पुरावा नाही, उलट कधीकधी ती संशय वाढवणारी खूण असते. घरच्या तपासणीत बंदूक बाद करता येते, पास करता येत नाही. पास करायला गेज (बारीक मापं घेणारी उपकरणं) लागतात आणि ते वापरणारा कारागीर लागतो. तरी घरची तपासणी करावी, कारण बऱ्याच बंदुका तिथेच बाद होतात आणि पुढचा खर्च वाचतो.

आधी कागद. परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात ठेवून तपासत बसायचं नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करायचा, आणि नावावर झाल्यावरच पुढचं बघायचं. परवान्यावरचा नंबर नळी, ॲक्शन (नळ्या जिला जोडतात ती मागची पोलादी पेटी) आणि फोरएंड (नळ्यांखालचं पुढचं लाकूड) या तिन्हींवरच्या नंबरांशी ताडून बघा. ॲक्शनवर एक आणि नळीवर दुसराच नंबर असेल तर नळ्या मागाहून बसवलेल्या असू शकतात. अशा जोडीत सांधा नीट बसलेला नसण्याची शक्यता जास्त, आणि कायद्याची अडचण वेगळीच.

मग बंदूक रिकामी आहे याची खात्री. मोडणारी असेल तर मोडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) बघा, बोट घालून चाचपा. ठासणीची असेल तर मागून काही दिसत नाही. गज तोंडातून तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक बत्तीच्या भोकापर्यंत पोचत नसेल, अलीकडेच राहत असेल, तर आत बार भरलेला आहे असंच धरायचं. भिंतीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुका पन्नास वर्षांनीही भरलेल्या सापडतात. तो बार स्वतः काढायचा नाही, कारागिराला आधी सांगून ठेवायचं. या लेखात पुढचं सगळं मोडणाऱ्या बंदुकीबद्दल आहे.

फोरएंड काढा, नळ्या ॲक्शनपासून वेगळ्या करा आणि मागच्या टोकाचा सपाट भाग स्वच्छ पुसा. प्रूफचे (जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासल्याचे) ठसे तिथे असतात. इंग्रजी बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची खूण, बेल्जियमच्या बंदुकीवर लिएजचा अंडाकृती ठसा आणि त्यात ईएलजी. इंग्रजी बंदुकीवर ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द किंवा एनपी, बीएनपी ही अक्षरं शोधा. यातलं काहीच नसेल तर ती नळी काळ्या दारूसाठीच तपासलेली आहे असं समजायचं. आजचं दुकानातलं काडतूस बिनधुराच्या दारूचं असतं, त्यामुळे अशी बंदूक इथेच थांबते. ‘नॉट फॉर बॉल’ लिहिलेलं असेल तर नळीला चोक आहे, म्हणजे ती तोंडाशी अरुंद केलेली आहे, एकच गोळी असलेलं काडतूस त्यातून उडवायचं नाही.

चेंबरची लांबीही ठशांतच असते, पण सगळ्यांवर नाही. १८८७ पासून पत्त्यातल्या चौकटच्या आकारात १२ आणि सी असा ठसा येऊ लागला. त्याचा अर्थ एवढाच की चेंबर तीन इंचांपेक्षा कमी आहे. प्रत्यक्ष लांबी १९२५ च्या नियमांनंतर लिहिली जाऊ लागली. १९५४ नंतरच्या बंदुकांवर दाबही टनांत येतो: अडीच इंचांच्या चेंबरला ३ टन, पावणेतीन इंचांच्या चेंबरला सव्वातीन टन.

ही लांबी का महत्त्वाची, ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं चेंबर बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असतं. बाजारात ६५ आणि ७० मिलिमीटर अशी दोन्ही काडतुसं येतात. खोक्यावरची लांबी ही उडल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची लांबी असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अलगद बसतं आणि बंदूक कुरकुर न करता बंद होते. चाप ओढल्यावर मात्र तोंड उघडायला जागा नसते. पुंगळीची कड पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्रे आणि वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) त्या अरुंद गळ्यातून रेटले जातात आणि दाब वाढतो. नळी पहिल्याच बाराला फुटेल असं नाही. सांधा ढिला होत जातो, दस्ता चिरतो, आणि पातळ नळी कधीतरी जाते. तेव्हा ‘बसतंय ना’ हा निकष काडतुसाला लावायचाच नाही. ६५ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये चालतं, उलटं चालत नाही.

घरी अंदाज घ्यायचा तर जाड पुठ्ठ्याची २० मिलिमीटर रुंदीची सरळ पट्टी कापा आणि चेंबरमध्ये मधोमध सरळ सरकवा. बारा बोरचं चेंबर पुढच्या टोकाला साधारण २०.३ मिलिमीटर असतं, तिथून नळी निमुळती होत १८.५ च्या आसपास येते. पट्टी अडकेल तिथे मागच्या कडेशी पेन्सिलने खूण करा आणि मोजा. पट्टी निमुळत्या भागात थोडी शिरते, म्हणून माप एक-दोन मिलिमीटर जास्त येतं. ६६-६७ आलं तर चेंबर ६५ चं. ७१-७२ आलं तर ७० चं असू शकतं, पण जुन्या ६५ च्या बंदुकीचं चेंबर कुणीतरी मागाहून कोरून लांब केलेलंही असतं. ठसा अडीच इंचांचा आणि माप ७० चं अशी जोडी दिसली तर नळीची जाडी मोजल्याशिवाय हात लावू नका.

आता नळी. आधी पितळी ब्रशने आणि तेलाने आतून घासून कोरडी करा, कारण ग्रीस आणि शिशाचा थर खड्डे झाकतो. नळीत कधी जुन्या चिंधीचा बोळा निघतो, तर कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर. दोन्ही तितकेच घातक. छर्रे त्या अडथळ्यावर आदळले की तिथला दाब क्षणात चढतो आणि नळी फुगते किंवा फाटते.

फुगवटा डोळ्याला असा दिसतो: नळी ट्यूबलाइटकडे किंवा खिडकीच्या चौकटीकडे धरा आणि आतल्या उजेडाची रेष बघत नळी हळूहळू फिरवा. चांगल्या नळीत रेष शेवटपर्यंत सलग जाते. फुगवटा असेल तिथे ती तुटते आणि काळसर कडं दिसतं, फिरवलं तरी ते जागचं हलत नाही. मग त्याच जागी बाहेरून अंगठा आणि तर्जनी फिरवा, बारीक उंचवटा लागतो. असं कडं सापडलं की नळी बाद. पोचा वेगळा असतो, तो एकाच बाजूला दिसतो आणि उजेडाची रेष तिथे आत वळते. पोचा कारागीर काढू शकतो, फुगवटा मात्र ताणलेलं पोलाद आहे, ते परत जाड होत नाही.

गंजाचे खड्डे कुठे आहेत यावर निकाल ठरतो. तोंडाकडच्या शेवटच्या दोन-चार इंचांत बारीक ठिपके असले तर फार बिघडत नाही. पण चेंबर, निमुळता भाग आणि पुढचे नऊ-दहा इंच इथे दाब सगळ्यात जास्त असतो, तिथले खड्डे गंभीर. आतून दिसणारा काळा ठिपका किती खोल आहे हे डोळ्याला कळत नाही.

आणि चकाकीचं काय? खड्डे घासून काढले की नळी आरशासारखी होते, पण पोलाद कमी होतं. बोर गेजने आतला व्यास मोजून ठशाशी ताडला की हे उघडं पडतं. १२ असा ठसा असलेली इंग्रजी नळी ०.७२९ इंचांची, १३ असेल तर ०.७१० ची. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजताना ती इंचाच्या दहा हजारांशांपेक्षा (०.०१० इंच) जास्त मोठी निघाली तर प्रूफच्या बाहेर गेली. जाडी मोजायचं गेज वेगळं असतं. पुढच्या अर्ध्या भागात सर्वात पातळ जागी अर्धा मिलिमीटर हा सर्वसाधारण किमान आकडा धरतात, चेंबरकडे कितीतरी जास्त हवी. ही दोन मापं घरी निघत नाहीत.

डमास्कस नळ्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, त्यांच्यावर लाटांसारखी नक्षी दिसते. नक्षी सुंदर, पण जोडांच्या आत गंज कुठवर गेला हे बाहेरून कळत नाही. नायट्रो प्रूफ झालेल्या डमास्कस नळ्याही आहेत, तरी आमचं मत स्पष्ट आहे: ती भिंतीवरच शोभते.

दोन नळ्यांमधल्या पट्टीची तपासणी कानाने होते. फोरएंड काढलेल्या नळ्या खालच्या हुकातून सुतळीने टांगा आणि बोटाच्या सांध्याने टकटक करा. नाद स्वच्छ घुमला तर पट्टी घट्ट. भद्द आवाज किंवा खरखर आली तर डाग (झाळणीचा जोड) सुटलाय आणि पट्टीखाली पाणी गेलेलं असण्याची शक्यता आहे. इगतपुरी-त्र्यंबककडे कापडी खोळीत पावसाळे काढलेल्या बंदुकांचं हे नेहमीचं दुखणं. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेली बंदूक परत आली की तिलाही हीच तपासणी लावा.

सांधा बघायचा तर फोरएंड न लावता बंदूक बंद करा. फोरएंडची स्प्रिंग ढिलाई लपवते, म्हणून ते बाजूलाच ठेवायचं. एका हातात दस्ता आणि दुसऱ्यात नळ्या धरून खाली-वर, डावी-उजवी हलवा. खट् असं जाणवलं किंवा नळी आणि ॲक्शनच्या तोंडामधून उजेड दिसला तर सांधा गेला. बंद करताना मध्ये धरलेली सिगारेटच्या कागदाइतकी पातळ पट्टी ओढल्यावर सहज सुटली तरी तेच. असा सांधा कारागीर बसवतो. पाचर ठोकून किंवा वेल्डिंगचा थेंब टाकून घट्ट केलेला मात्र चालत नाही.

चाप आणि घोडे तपासताना नुसतं टकटक उडवू नका, फायरिंग पिन तुटतात. डमी काडतुसं घाला. सेफ्टी लावून दोन्ही चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. काढताना घोडा पडला तर बाद. नंतर सेफ्टी काढून, घोडे चढवून, दस्ता रबरी चटईवर दोन-तीनदा हलकेच आपटा आणि बाजूने तळहाताने ठोका. काहीही पडता कामा नये. बाहेर घोडे असलेल्या बंदुकीत अर्ध्या चढवलेल्या घोड्यावर चाप ओढून बघा, घोडा हलला नाही पाहिजे. सामान वजन करायच्या स्प्रिंगच्या काट्याने चाप ओढलात तर पुढचा साधारण दीड-पावणेदोन किलोला सुटावा, मागचा थोडा जड. एक किलोच्या आत सुटणारा चाप धोक्याचा. पिनच्या भोकांभोवती खड्डे असतील तर तिथून गॅस मागे येत होता असं समजा.

दस्ता ॲक्शनला मिळतो तिथे, दोन्ही बाजूंना, चिरा शोधा. तेल मुरून काळं, मऊ पडलेलं लाकूड नखाने दबतं, ते बदलावं लागतं.

झाडाला किंवा टायरला बांधून लांबून दोरी ओढायची युक्ती बरेच जण सुचवतात. ती करू नका. एक बार सोसला म्हणजे पुढचा सोसेल असं नाही, आणि त्या एका बारात आधीची भेग वाढलेलीही असते. शिवाय शस्त्राची चाचणी, प्रूफ आणि दुरुस्ती हा शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना लागणारा व्यवसाय आहे. फुटलेलं तोंड कापून नळी आखूड करणं तर त्याच कायद्यात वेगळा गुन्हा. कारागिराकडे जाताना त्याचा परवाना बघा आणि चार आकडे लिहून मागा: दोन्ही नळ्यांचा आतला व्यास, सर्वात पातळ जागची जाडी आणि ती कुठे आहे, चेंबरची लांबी, सांध्यातलं अंतर. ‘मस्त आहे साहेब’ हा अहवाल नव्हे.

कारागिराने पास केली तर सुरुवात ६५ मिलिमीटरच्या, हलक्या भाराच्या, ताज्या काडतुसांनी आणि परवानगी असलेल्या रेंजवर. आजोबांच्या पेटीतली फुगलेली कागदी किंवा हिरवट पितळेची काडतुसं चाचणीला वापरायची नाहीत. घरात वीस बोरही असेल तर ती काडतुसं वेगळ्या डब्यात. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून अडकतं, मागे बाराचं बसतं, आणि नळी फुटते. चष्मा लावा, आणि पहिल्यांदा एकाच नळीत एकच काडतूस घाला.

प्रत्येक बारानंतर पुंगळी उचलून बघा. काडतुसाच्या मागची टोपी (पिन जिच्यावर आपटते ती) मागे उचललेली असेल तर काडतुसामागे जागा जास्त आहे. टोपीला भोक पडलं असेल तर पिन किंवा दाब तपासायचा. पितळ फुगलं किंवा चिरलं असेल, किंवा पुंगळी ओढून काढावी लागत असेल, तर चेंबर दाखवून या. काडतूस उडालं नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच मोडा. आणि आवाज फुसका आला तर दुसरं काडतूस घालायच्या आधी नळ्या काढून आरपार बघा, वॅड मध्येच अडकलेला असतो.