उन्हाळ्यात पिकअपची हवा कमी करू नका

उन्हाळी कांदा, टोमॅटो, कलिंगड बाजाराला निघायचे दिवस आले की पंक्चरच्या टपरीवर एक सल्ला फुकट मिळतो: “ऊन लई आहे, हवा पाच-सात कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटंल.” सांगणारा मनापासून सांगतो, पण सल्ला उलटा आहे. उन्हात टायर फुटतात ते बहुतेक वेळा हवा कमी आणि माल जास्त असल्यामुळे.

तार हातात धरून एकाच जागी पुढे-मागे वाकवली की ती जागा चटका बसेल इतकी तापते. कमी हवेच्या टायरचं तेच होतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत दबते, परत सरळ होते. रबर आणि आतले दोरे तापत जातात, सुटायला लागतात. खाली मे महिन्याचा रस्ता, वर माल, त्यात वेग. मग एका क्षणी आवाज होतो आणि आपण दोष उन्हाला देतो.

दोन वर्षांपूर्वी मीही तो दिला होता. भर दुपारी सिन्नरच्या पुढे मागचा डावा टायर गेला, क्रेट रस्त्यावर. टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळा भुगा निघाला, गिरणीतल्या पिठासारखा बारीक. टायरवाल्याने तो तळहातावर घेऊन दाखवला आणि विचारलं, “हवा कधी सोडली होती?” आदल्या दिवशीच सोडली होती, मीच. बाजारातून येताना गेज (हवेचा दाब मोजायचं मीटर) लावलं तर ६७ पीएसआय दिसले; पीएसआय हे दाबाचं माप. घाबरून ६० वर आणले.

चूक इथेच होती. टायर गार असताना ६० पीएसआय असतील, तर आतली हवा १० अंशांनी तापली की आकडा साधारण अडीचने चढतो. पंचवीस-तीस अंश तापली तर सहा-सात. म्हणजे ते ६७ बरोबरच होते. तापलेल्या टायरमधून सोडून ६० केले, की दुसऱ्या दिवशी पहाटे गार टायरमध्ये ५४ च्या आसपास उरतात. त्यावर मी पूर्ण लोड भरला.

म्हणून हवा पहाटे तपासायची. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. पंपावर जाईपर्यंत टायर तापत असेल तर घरी स्वतःच्या गेजने मोजून घ्या आणि किती कमी आहे ते लक्षात ठेवा. समजा पाच कमी भरली, तर पंपावर जो आकडा दिसेल त्यात पाच वाढवून घ्या. खिशातलं गेज काही शे रुपयांत मिळतं. पंपावरचं गेज दिवसभर आपटत असतं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. हवा भरून झाली की पंक्चरवाला व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा बघतो, त्याला हसू नका. आणि व्हॉल्व्हची टोपी लावा, शेतातल्या धुळीत तिचं काम मोठं आहे.

आता आकडा कोणता ठेवायचा? शेजाऱ्याचा नाही. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे दिलेले असतात. पिकअपला रिकामी आणि भरलेली असे वेगळे आकडे असतील, तर मागच्या चाकांत बराच फरक दिसेल. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल आकडा हा टायरची मर्यादा सांगतो, तो रोज भरायचा नाही.

त्याच भिंतीवर मापापुढे १०६/१०४ असे आकडे सापडतील. मागे एकेक चाक असलेल्या पिकअपला पहिला लागू. १०६ म्हणजे त्या टायरने पूर्ण हवेत जास्तीत जास्त ९५० किलो पेलायचे, दोन्ही मागचे मिळून १,९००. आता हिशेब करा. भरलेली क्रेट २५ किलोची धरली तर ५० क्रेट साडेबाराशे किलो होतात. सव्वा-दीड टनाच्या गाडीत ८० क्रेट चढवल्या तर दोन टन, आणि त्यातलं बहुतेक वजन मागच्या एक्सलवर. गाडीचा स्वतःचा मागचा भार समजा ७०० किलो, तर चाकांवर अडीच टनांच्या आसपास गेलं. यावर हवेचा कोणताही आकडा उपाय नाही. मागच्या स्प्रिंगचे पाटे जादा टाकल्याने गाडी बसलेली दिसत नाही एवढंच, टायरला पाटे कळत नाहीत. त्यापेक्षा दोन खेपा करा.

दूरच्या बाजाराला, विशेषतः समृद्धी महामार्गासारख्या लांब सरळ रस्त्याने जाणार असाल तर वेग ८० च्या आत ठेवा आणि चहाला थांबाल तेव्हा चारही टायरना हाताची पाठ लावून बघा. एक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम लागला तर तिथे बाभळीचा काटा किंवा गळका व्हॉल्व्ह शोधा.

माल उतरल्यावर त्याच दिवशी घरी यायचं असेल तर हवेला हात लावू नका, फक्त सावकाश या. गाडी पुढचे काही दिवस रिकामीच फिरणार असेल तर मात्र सकाळी रिकाम्याचा आकडा करून घ्या. टणक मागची चाकं उड्या मारतात. त्यात वळवाची पहिली सर पडली, रस्त्यावरचं तेल आणि धूळ ओली झाली, की रिकामी पिकअप ब्रेक मारताच मागून सरकते.

वळवानंतर काळ्या रानात रुतलेली गाडी काढायला काही जण हवा कमी करतात. चालतं, पण हळू आणि बांधापर्यंतच. ट्यूबचा टायर कमी हवेत रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्हची मान तुटते. छोटा कंप्रेसर गाडीत नसेल तर हा प्रयोग करू नका, फळ्या टाका नाहीतर ट्रॅक्टर बोलवा.

स्टेपनीत मागच्या भरलेल्या चाकाइतकी हवा ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर थोडी सोडता येते, रात्री दोन वाजता घाटात भरून कुणी देत नाही.