डालडा, खारी आणि बट्टीचं तेल: ट्रान्स फॅटबाबत या चुका टाळा

दिवाळीत मैदा, साखर, डालडा घरून देऊन बेकरीतून नानखटाई भाजून आणतात. डालडा द्या, पण सुटा घेऊ नका. 1 जानेवारी 2022 पासून वनस्पती तूप, मार्गारिन, बेकरी शॉर्टनिंग आणि तयार बिस्किटांतल्या तेला-तुपातही औद्योगिक ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारं, हृदयाला घातक फॅट) 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आधी ही मर्यादा 10 टक्के, मग 5 होती. सुट्या मालावर काहीच छापलेलं नसतं, मग तपासणार काय?

छापलेला आकडा वाचतानाही गफलत होते. दर सर्व्हिंगचा (एका वेळच्या वाढणीचा) नको, 100 ग्रॅमचा रकाना बघा. खारीत 100 ग्रॅमला 30 ग्रॅम फॅट असेल, तर नियम पाळूनही 0.6 ग्रॅम ट्रान्स फॅट असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 2000 कॅलरी खाणाऱ्याच्या पोटात दिवसाला 2.2 ग्रॅमपेक्षा कमी जायला हवं. ‘ट्रान्स फॅट फ्री’ म्हणजेही शून्य नाही, 100 ग्रॅममध्ये 0.2 ग्रॅमपेक्षा कमी. सॅच्युरेटेड फॅटचा आकडाही बघाच, कारण ट्रान्स फॅट काढलं की त्याच्या जागी बहुतेकदा पामतेल येतं.

घट्टपणावरून पारख करू नका. भुसावळच्या मे महिन्यात चांगला डालडाही डब्यात पातळ होतो, आणि थंडीत पामतेलही गोठतं.

घट्टपणा हवा म्हणून तर हा सगळा उद्योग सुरू झाला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी 1902 मध्ये पेटंट घेतलं: तापलेल्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडायचा. अमेरिकेत 1911 ला क्रिस्को नावाचं असं घट्ट तूप आलं, आपल्याकडे 1937 ला डालडा. ही क्रिया अर्धवट थांबवली की उरलेल्या काही रेणूंची ठेवण बदलते, तेच ट्रान्स फॅट. क्रिया पूर्ण केली तर ट्रान्स फॅट जवळजवळ उरत नाही, सॅच्युरेटेड फॅट तयार होतं. म्हणून ‘अंशतः हायड्रोजनयुक्त’ हे शब्द दिसले की पाकीट परत ठेवा. सॅच्युरेटेड फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. ट्रान्स फॅट तेही करतं आणि चांगलं घटवतं. रोजच्या कॅलरींपैकी 2 टक्के यातून आल्या, तर हृदयविकाराचा धोका सुमारे 23 टक्क्यांनी वाढतो.

वरण-बट्टीच्या पंगतीत उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी भज्यांना वापरतात. घरच्या कढईत ट्रान्स फॅट फार थोडं तयार होतं. तिथला खरा त्रास तेल जळून होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचा. ती 25 टक्क्यांवर गेली की तेल कायद्यानेच बाद. बट्टी 170 ते 180 अंशांत तळा, धूर निघू देऊ नका. चुरा तळाशी करपायच्या आत झाऱ्याने काढा. उरलेलं तेल गार करून गाळा आणि दोन दिवसांत फोडणीला संपवा. त्यात नवं तेल ओतू नका. फेस धरू लागलं किंवा चिकट झालं तर फेका.

आणि साजूक तुपाच्या डब्यावर ट्रान्स फॅट दिसलं म्हणून भेसळीचा संशय घेऊ नका. गाई-म्हशीच्या दुधात ते थोडं नैसर्गिकच असतं, 2 टक्क्यांची अट त्याला लागू नाही.