हाँगकाँगचं ताय ओ गाव: नागपूरवाल्यांनी कसं जावं, काय पाहावं

हाँगकाँगला गेलं की आपले लोक लांताऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धमूर्तीला जातातच, दीक्षाभूमीच्या शहरातले आपण, जायलाच पाहिजे. पण ३४ मीटरची ती मूर्ती पाहून लगेच केबल कारनं परत फिरू नका. तिथूनच २१ नंबरची बस ताय ओला जाते, वीसेक मिनिटांत तुम्ही खाडीवरच्या एका कोळी गावात असता. शाकाहारी असाल तं मूर्तीजवळच्या पो लिन मठात जेवून घ्या, तिथं पूर्ण शाकाहारी जेवण मिळते, खाली गावात सगळा मासळीचाच कारभार आहे.

तयारी आधी घरूनच करा. नागपूरहून थेट फ्लाइट नाही, मुंबई-दिल्लीसारख्या शहरावरून जावं लागते. १४ दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही पण ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन लागते, ते फुकट आहे, पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच टाका आणि स्लिपची प्रिंट जवळ ठेवा. बसमध्ये ऑक्टोपस कार्ड, म्हणजे तिथलं आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, चालते. दिवाळीच्या सुट्या बेस्ट, तेव्हा तिथली हवा कोरडी व्हायला लागते, उन्हाळ्यात घाम आणि वादळं दोन्ही.

आता गाव. टांका नावाच्या कोळी समाजाची ही घरं, भरती-ओहोटीच्या पाण्यात खांब रोवून वर पत्र्याच्या खोल्या, मधून पाण्याच्या वाटा आणि त्यात बांधलेल्या होड्या. २००० साली मोठी आग लागून बरीच घरं गेली, २०१७ आणि २०१८ च्या वादळात पाणी आत शिरलं, तरी लोक इथंच राहून राह्यले. म्हणून माझं एकच मनापासून सांगणं आहे, हे कोणाचं तरी राहतं घर आहे. दार उघडं दिसलं म्हणून आत मोबाईल घालू नका, म्हाताऱ्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, अरुंद फळ्यांच्या वाटेवर आधी गावकऱ्यांना जाऊ द्या. शनिवार-रविवार तं टाळाच, फार गर्दी असते, मधल्या वारी या म्हणजे गावाची शांतता खरंच कळते.

होडीची छोटी फेरी घ्या, पाण्यातून घरांचे खांब नीट दिसतात. गुलाबी डॉल्फिन दिसतीलच असं धरून जाऊ नका, आता ते कमी झाले आहेत. मग छोट्या पुलावरून पलीकडे जा, १९९६ पर्यंत इथं दोर ओढून चालवायची नाव होती. बाजारात कोळंबीच्या पेस्टचा वास जबरदस्त येतो, पण नाक दाबून तिथून पळू नका, पिढ्यान्‌पिढ्या त्यावर इथली घरं चालली आहेत. ट्रॉलर मासेमारी २०१२ च्या शेवटी बंद झाली तेव्हापासून कोळंबी बाहेरून आणावी लागते. पेस्ट घरी न्यायची असेल तं बरणी चांगली गुंडाळा आणि चेक-इन बॅगेत टाका.

वेळ असला तं टोकाला १९०२ ची जुनी पोलीस चौकी आहे, आता तिचं हॉटेल झालंय. परतताना ११ नंबरची बस, ती सरळ तुंग चुंग मेट्रो स्टेशनला सोडते, एक तास धरा.